तीन धारा, दोन खोरी: सातव्या फेरीपर्यंतची नोंद

माझी चाचणीची वाट १४.२ किलोमीटरची आहे. गावाबाहेरच्या पुलावरून निघायचं, तीन धारा (टेकड्यांचे लांबट, अरुंद माथे) आणि त्यांच्यामधली दोन खोरी ओलांडायची, वाटेत तीन गावं घ्यायची आणि पुन्हा त्याच पुलावर यायचं. शिखर वगैरे काही नाही. एकाच वाटेवर सात वेळा का जातोस, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. कारण पहिल्या फेरीत चालायला किती वेळ लागेल हा माझा अंदाज तब्बल ७७ मिनिटांनी चुकला. इतकी मोठी चूक कुठून आली ते कळल्याशिवाय मला नवी वाट आखायची नव्हती.

अंदाज काढला होता तो नेस्मिथच्या नियमाने. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हा हिशेब आजही बरेच जण वापरतात: तासाला तीन मैल, आणि दर दोन हजार फूट चढाला एक तास जास्तीचा. आपल्या मापात ढोबळमानाने तासाला ५ किलोमीटर, वर १०० मीटर चढामागे १० मिनिटं. नकाशावर वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा मोजल्या, चढाच्या सतरा निघाल्या. म्हणजे ३४० मीटर. हिशेब आला ३ तास २४ मिनिटं. प्रत्यक्षात विश्रांती वगळून नुसतं चालायलाच ४ तास ४१ मिनिटं लागली. तिसऱ्या धारेवर पोहोचेपर्यंत माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

पहिला संशय स्वतःच्या तब्येतीवर घेतला. तो चुकीचा होता. (पूर्ण नाही, पण बराचसा.)

दुसऱ्या फेरीला वायुदाबावर उंची मोजणारं घड्याळ बांधून गेलो. एकूण चढ आला ५४० मीटर. नकाशाच्या हिशेबापेक्षा दोनशेने जास्त! आधी वाटलं घड्याळच थापा मारतंय. थोड्या थापा ते मारतंच: पुलावर परत आलो तेव्हा सकाळपेक्षा बावीस मीटर उंचावर असल्याचं दाखवत होतं. पूल काही दिवसभरात वर सरकत नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने (दाब मोजायचं एकक) उतरला की घड्याळाला वाटतं आपण आठ-नऊ मीटर चढलो. उष्ण कटिबंधात तर हवा स्वच्छ असली तरी दाब सकाळी दहाच्या सुमारास चढा असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला, हा रोजचाच खेळ. म्हणून आता निघताना आणि परतल्यावर त्याच दगडाजवळ आकडा टिपतो आणि फरक वळता करतो. मोबाइलच्या नुसत्या उपग्रह-नोंदीने तर ७९० मीटर चढ दाखवला. तिच्यात प्रत्येक बिंदू दोन-चार मीटर वरखाली उड्या मारतो आणि त्या सगळ्या उड्या चढ म्हणून जमा होतात. तीन मीटरखालचे चढउतार गाळले की आकडा जरा माणसात येतो.

तर झाडून-पुसून ५२० मीटर धरले. मग नकाशातले १८० मीटर गेले कुठे? हे शोधायला तिसरी फेरी गेली आणि तीच मला सगळ्यांत जास्त आवडली. हातात नकाशा, दर चढाला पेन्सिलची खूण. तिसरी धार नकाशावर सरळ, सपाट दिसते, एकही रेषा ओलांडत नाही. प्रत्यक्षात तिच्यावर नऊ टेपाडं आहेत, प्रत्येक दहा-बारा मीटरचं. वीस मीटरच्या दोन रेषांच्या मधे असं टेपाड आरामात लपून बसतं, नकाशाला त्याचा पत्ताच नसतो. आणि खोऱ्याच्या कडेने जाणारी ढोरवाट बारा घळी ओलांडते. प्रत्येक घळीत पाच-सहा मीटर उतरायचं आणि तेवढंच चढायचं. टेपाडांचे शंभरेक, घळींचे सत्तरेक. हिशेब जुळला.

मोठ्या डोंगरावर ही भानगड फारशी जाणवत नाही. तिथे हजार मीटरचा एकच सलग चढ असतो, त्यात शंभर-दीडशेची चूक पचून जाते. छोट्या टेकड्यांच्या मुलखात मात्र चढ सुटा सुटा, चिल्लरमध्ये येतो, आणि नकाशा चिल्लर मोजत नाही.

तरी मंडळी, १८० मीटर म्हणजे नेस्मिथच्या भाषेत फक्त १८ मिनिटं. चूक ७७ ची होती. उरलेली ५९?

चौथ्या फेरीत सपाटीवरचा वेग मोजला. पक्क्या रस्त्यावर माझा वेग तासाला ५.३ किलोमीटर निघाला. छाती फुगली. पण बांधावरून, नांगरटीतून आणि गुडघाभर गवतातून तोच वेग ३.९. आमच्या वाटेचा जेमतेम पाव भाग पक्का, त्यामुळे सरासरी ४.२ वर येते. नुसत्या अंतराचाच वेळ २ तास ५० वरून ३ तास २३ झाला. तेहेतीस मिनिटं इथे सापडली. नियमातले ५ किलोमीटर चांगल्या वाटेचे आहेत, हे आपण सगळे वाचतो आणि सगळे विसरतो.

सहा मिनिटं उतारांनी खाल्ली. नेस्मिथच्या नियमाला एरिक लँगमूर या गिर्यारोहकाने केलेली दुरुस्ती यासाठी आहे: ५ ते १२ अंशांच्या सौम्य उतारावर दर ३०० मीटरमागे १० मिनिटं वजा, आणि १२ अंशांपेक्षा तीव्र उतारावर तेवढीच अधिक. माझे १८० मीटर उतार तीव्र गटात मोडतात, भुरभुरीत मुरमाचे.

आणखी १४ मिनिटं गेली गावांत. गावात शिरणं सोपं असतं. आजूबाजूच्या सगळ्या वाटा तिकडेच जातात, चुकून चालतानाही माणूस गावात पोहोचतो. गावातून योग्य वाटेने बाहेर पडणं हे खरं काम. प्रत्येक बोळ बरोबर वाटतो, निम्मे कुणाच्या तरी गोठ्यात संपतात, नकाशातली पाऊलवाट घरांच्या गर्दीत नाहीशी होते आणि थेट शेताच्या कडेला पुन्हा उगवते. दुसऱ्या गावात एका आजींनी मला तिसऱ्यांदा त्याच ओट्यासमोरून जाताना पाहिलं आणि विचारलं, ‘बाळा, हरवलास का फिरतोयस?’ मी म्हटलं, ‘आजी, दोन्ही.’ त्यांनी हात करून पांदण दाखवली. ‘धारेवर जायला अर्धा तास,’ म्हणाल्या. मला पन्नास मिनिटं लागली. आता वहीत गावकऱ्यांच्या अंदाजाचा वेगळा रकाना आहे. त्यांचा अर्धा तास गुणिले १.६ म्हणजे माझा, निदान अजून तरी.

उरलेली सहा मिनिटं पायाला आलेल्या फोडाची. पहाटे खोऱ्याच्या तळाला दव इतकं होतं की पहिल्याच किलोमीटरला मोजे भिजले. रात्री थंड हवा जड होऊन खाली साचते, म्हणून तळ ओला आणि मधला उतार कोरडा, हे मला पाठ होतं. तरी जादा मोजे घरी ठेवून गेलो होतो.

पाचवी फेरी पावसाने मोडली, तिचं काही सांगण्यासारखं नाही.

सहाव्या फेरीत एक प्रयोग केला. दुसरी धार माथ्यावरून ओलांडण्याऐवजी सोंडेला वळसा घातला. ९० मीटर चढ वाचला, पण अंतर १.१ किलोमीटरने वाढलं. नेस्मिथचे मूळ आकडे भागले तर एक फूट चढ ७.९२ फूट सपाटीच्या बरोबर येतो. माझ्या मंद वेगाला साधारण सात. म्हणजे ९० मीटर चढासाठी ६३० मीटरपर्यंतचा वळसा परवडतो, त्यापुढचा तोट्याचा. घड्याळानेही तेच सांगितलं: माथ्यावरून ३१ मिनिटं, वळशाने ३४. पण वळसा घेतला त्या दिवशी तिसऱ्या धारेवर पाय शाबूत होते. ती तीन मिनिटं मी आनंदाने देईन. तरी चाचणीत ढवळाढवळ नको म्हणून सातव्या फेरीला पुन्हा माथाच घेतला.

सातव्या फेरीचा अंदाज असा मांडला: अंतर ३ तास २३, चढ ५२ मिनिटं, तीव्र उतार ६, गावांतून बाहेर पडायला ४ (आता बोळ पाठ झालेत). एकूण ४ तास २५. लागले ४ तास २२. पुलावर घड्याळ पाहिलं आणि एकटाच हसलो. शेजारी गुरं चारणाऱ्या काकांना काय वाटलं असेल कोण जाणे.

आता हीच वाट उलटी. नेस्मिथच्या हिशेबाने काहीच फरक पडू नये, गोल वाटेचा चढ दोन्हीकडून सारखाच. लँगमूरच्या हिशेबाने उलट फेरी सोळा मिनिटांनी जलद व्हायला हवी: मुरमाचे उतार चढ होतील म्हणून सहा वाचतील, आणि आताचे लांबलचक सौम्य चढ, निदान ३०० मीटर तरी, उतार होऊन दहा परत देतील. पण गावांचं गणित उलटं होतं. जिथून मी आत शिरायचो तिथून आता बाहेर पडायचंय, आणि तिकडचे बोळ मी कधी नीट पाहिलेच नाहीत. म्हणून दहा मिनिटं पुन्हा चढवली आहेत. वहीत लिहून ठेवलंय: ४ तास १९. जादा मोजे पिशवीत आधीच टाकलेत.