२०० लिटरचं पिंप, बाभळीचा कोळसा आणि ११० अंश

कोळशाच्या धुरावर मांस शिजवायच्या माझ्या पिंपाची आच आता ताब्यात यायला लागलीये. सासवडकडच्या वाऱ्यातही ती ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान निवांत टिकते.

सगळ्यात जास्त फरक पडला तो पेटवण्याच्या पद्धतीने. जाळीच्या टोपलीत न पेटवलेला कोळसा भरायचा, मधे खळगा करायचा आणि त्यात दहा-बारा लाल निखारे टाकायचे. याला बाहेरची मंडळी ‘मिनियन पद्धत’ म्हणतात. आग शेजारच्या तुकड्यांना हळूहळू धरत जाते. सगळा कोळसा एकदम रसरसला, की मग भोकं बंद करूनही पारा तासभर खाली यायचं नाव घेत नाही. म्हणून चढतानाच लगाम घालायचा. माझ्या पिंपाला तळाशी तीन भोकं आहेत. दोघांना टोप्या, एकाला बॉल व्हॉल्व्ह (फिरवून हवा कमी-जास्त करायची तोटी). ८५ ला एक टोपी बंद, ९५ ला दुसरी, आणि १०० च्या पुढे व्हॉल्व्ह निम्मा. उरलेले दहा अंश पिंप आपल्या गतीने चढतं. वरची चिमणी मात्र कायम सताड उघडी. ती दाबली की धूर आत कोंडतो आणि मांसावर कडवट काजळी बसते.

कोळसा बाभळीचाच, पण चाळून. गोणीच्या तळाचा चुरा टोपलीत गेला की हवेची वाट बुजते. करवंटीच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या) थोड्या मिसळल्या तर आच जास्त वेळ एकसारखी राहते. टोपलीला बोल्टचे पाय लावून ती तळापासून चार बोटं उचललीये, म्हणजे राख खाली पडते आणि निखाऱ्यांचा श्वास चालू राहतो.

झाकणावरच्या काट्यावर विसंबू नका. प्रोब (थर्मामीटरचं टोक) जाळीवर, मांसाच्या बाजूला, पण त्याला चिकटवून नाही. तो उकळत्या पाण्यात तपासून घ्या. आपल्या पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपास उकळतं, १०० दिसले तर प्रोब दोन अंश पुढे आहे.

झाकण उघडण्याचा मोह हा वेगळाच विषय. चरबी थेट निखाऱ्यांवर ठिबकत असते (पिंपाची खरी चव तीच), त्यामुळे झाकण उचललं की भडका. शिवाय आत घुसलेली हवा निखारे फुलवते. पारा आधी पडतो, मग उसळी मारतो. मी उघडायच्या आधी व्हॉल्व्ह मिटतो, मसाल्याचं पाणी शिंपडतो, झाकण लावून थोड्या वेळाने व्हॉल्व्ह परत निम्मा.

पोर्क शोल्डरचं (डुकराच्या खांद्याच्या मांसाचं) आतलं तापमान ६५ ते ७५ च्या मधे कुठेतरी अडून बसतं. पृष्ठभागावरचं पाणी उडताना मांस थंड होत असतं, आच कमी पडलेली नसते. तिथे हवा वाढवू नका. घाई असेल तर फॉइलमध्ये गुंडाळा, नाहीतर आणखी एक चहा टाका. ९३-९५ ला सळई लोण्यात शिरावी तशी शिरते.

नवीन पिंप घेणाऱ्यांना एवढंच: रसायनांचं नको, आतून जस्ताचा मुलामा असलेलंही नको, आणि बंद बाल्कनीत चुकूनही पेटवू नका, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

वाऱ्यासाठी व्हॉल्व्हच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावलाय. पुढच्या खेपेला धुरासाठी पेरूच्या लाकडाऐवजी चिंच घालून बघणार आहे.