ॲपलक्रॉसच्या घाटात तिनं गाडी मागे घेतली

स्कॉटलंडमधला 'नॉर्थ कोस्ट ५००' हा रस्ता इनव्हर्नेस शहरातून निघतो, पश्चिम किनाऱ्याने वर चढतो, मुख्य भूमीच्या उत्तर टोकाला वळसा घालतो आणि पूर्वेकडून परत इनव्हर्नेसला येतो. अंतर ५०० मैलांहून थोडं जास्त. रस्ते जुनेच, पण २०१५ मध्ये त्या सगळ्यांना मिळून हे नाव मिळालं आणि गर्दी लोटली. मी आणि ताईने एक छोटी गाडी भाड्याने घेतली. तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असल्यामुळे सवयीचा काही प्रश्न नव्हता.

इनव्हर्नेस सोडून पश्चिमेकडे गेलं की बऱ्याच ठिकाणी रस्ता एका गाडीपुरताच उरतो. थोड्याथोड्या अंतरावर कडेला डांबराचा फुगवटा आणि शेजारी पांढरी पाटी असते: पासिंग प्लेस. समोरून गाडी दिसली आणि फुगवटा आपल्या डाव्या हाताला असला, तर आपण आत शिरायचं. उजवीकडे असला तर आपल्याच बाजूला त्याच्यासमोर थांबायचं, म्हणजे समोरचा त्यातून वळसा घालून निघून जातो. मागच्याला घाई असेल तर त्यालाही तिथेच पुढे सोडायचं. आणि जाता जाता स्टिअरिंगवरून हात उचलायचा. पहिल्याच दुपारी आम्हाला त्या हाताचा लळा लागला. ट्रॅक्टरवाला हात करतो, टपालाची लाल गाडी हात करते, शाळेची बस हात करते. हॉर्न जवळजवळ ऐकूच आला नाही.

मग आला ब्यालाख ना बा, ॲपलक्रॉस गावाकडे जाणारा घाट. किशोर्न खाडीच्या काठावरून, म्हणजे समुद्रसपाटीपासून, हा रस्ता थेट ६२६ मीटरवर चढतो. काही ठिकाणी चढ वीस टक्क्यांच्या आसपास आहे आणि माथ्याजवळ एकावर एक रचल्यासारखी वळणं आहेत. पायथ्याशी मोठी पाटी आहे: शिकाऊ चालक, खूप मोठी वाहनं आणि कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) यांनी पुढे जाऊ नये. आमच्यापुढे चाललेली मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, त्या पाटीसमोरून सरळ पुढे गेली.

वरच्या वळणाखाली ती अडकली. समोरून एक बाई पिकअप घेऊन उतरत होती, मागे मेंढ्यांचा ट्रेलर. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे आपल्या घाटांत शिकवतात तसंच तिथंही आहे. पण वाट द्यायला जागा हवी ना! जवळच्या पासिंग प्लेसमध्ये दोन गाड्या लावून मंडळी दरीचे फोटो काढत होती. आमच्या मागे सात-आठ गाड्यांची रांग, त्यामुळे आम्हालाही मागे सरता येईना. ताई उतरून चालत वर गेली आणि त्यांना म्हणाली, "कृपया गाड्या काढता का, सगळे अडकलेत." उत्तर मिळालं, "दोन मिनिटं." आणि मोबाईल पुन्हा दरीकडे वळले.

त्या बाईने मात्र दोन मिनिटंसुद्धा वाट पाहिली नाही. तिनं दार अर्धवट उघडलं, कंबरेतून वळून मागे पाहिलं आणि ट्रेलर मागे घ्यायला सुरुवात केली, तीही चढावर, वळणातून. ट्रेलर जोडलेला असला की मागे घेताना स्टिअरिंग उलट फिरवावं लागतं. ती वीतभर डावीकडे घेई, थांबे, पुन्हा वीतभर. आतल्या मेंढ्यांचे खूर पत्र्यावर वाजत होते. बाहेरच्या चाकापासून दगडी कठडा हातभरावर होता. वळणाच्या वर पुढचा फुगवटा मिळाला तशी तिनं गाडी त्यात बसवली आणि इंजिन बंद केलं.

आम्ही एकामागून एक वर गेलो. मोटरहोमवाल्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती मात्र प्रत्येकासाठी हात वर करत होती, त्याच्यासाठीही. आमची पाळी आली तेव्हा ताईने काच खाली करून "थँक यू" म्हटलं. ती हसून म्हणाली, "दिवस छान आहे, वर थांबा, स्काय बेट दिसेल." तिचा निम्मा तास आमच्यासारख्या पाहुण्यांनी खाल्ला होता आणि ती आमच्या हवेची काळजी करत होती! मला खरंच भरून आलं. आणि त्या फोटोवाल्यांचा इतका संताप आला, की माथ्यावर पोचेपर्यंत मला बोलवेना.

हा घाटरस्ता १८२२ मध्ये बांधला. शील्डेग गावाकडून येणारा किनाऱ्याचा रस्ता १९७० च्या दशकात पूर्ण झाला. तोपर्यंत ॲपलक्रॉसला गाडीने जायला हा एकच मार्ग होता, आणि हिवाळ्यात बर्फ पडला की तोही बंद. तिथल्या माणसांना बाजारहाट, जनावरं, दवाखाना, सगळं या वळणांवरूनच करावं लागायचं. आपण तिथं सुट्टीला जातो, ते तिथं राहतात, एवढं तरी भान हवं.

पुढचे दिवस भराभर गेले. उल्लापूलला धो धो पाऊस. १७८८ मध्ये मासेमारीसाठी वसवलेलं हे गाव आहे, पाण्याकाठी पांढऱ्या घरांची सरळ रांग आहे आणि तिथून लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेची बोट सुटते. ते मला फार आवडलं. डरनेसची स्मू गुहा पाहिली. ईशान्य टोकाजवळच्या जॉन ओ'ग्रोट्सला फोटोसाठी पाटीशेजारी उभं राहायला रांग होती, आम्ही लावली नाही. पूर्वेचा रस्ता रुंद आणि वेगवान. इनव्हर्नेस जवळ येऊ लागलं तसे समोरचे हात दिसेनासे झाले.

मोठी गाडी असेल तर कृपा करून शील्डेगवरून किनाऱ्याने ॲपलक्रॉसला जा. लांब पडतं, पण रासे आणि स्काय ही बेटं समोर दिसत राहतात. आणि फोटोसाठी माथ्यावर वाहनतळ आहे. गाडी तिथं लावा.