चाळीस हजारांची पद्मिनी: वाईच्या शेडमधून पुण्याच्या दारात

जुनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे पूर्वीची फियाट, परवडेल अशा भावात शोधता शोधता मागच्या नोंदीत मी हात टेकले होते. आठ महिने, सहा गाड्या आणि सगळीकडे एकच पाढा: साडेतीन लाख, ‘कलेक्टर्स पीस’ आहे, कमी होणार नाही. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, बातम्यांत सगळ्यांचे गळे दाटून आले, आणि ज्याच्या अंगणात पद्मिनी उभी आहे तो रातोरात संग्राहक झाला.

त्या सहांतल्या दोन गाड्यांबद्दल सांगायलाच हवं. पनवेलची चकचकीत लाल होती. पुढे डाव्या बाजूच्या पत्र्यावर बोट फिरवलं तर पुट्टीचे बारीक उंचवटे लागले. टॅक्सीचं मीटर पूर्वी तिथेच, बाहेर बसायचं. त्याची भोकं बुजवली होती. मालक मात्र ‘एका डॉक्टरांचीच गाडी’ यावर ठाम. रत्नागिरीच्या गाडीत पायाखालचं मॅटिंग उचललं तर थेट अंगणातली फरशी दिसली. खाऱ्या हवेतली गाडी घ्यायची तर पत्र्याचा खर्च आधी धरा, किंमत नंतर विचारा.

वाईची गाडी जाहिरातीतली नव्हेच. नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. मांडवामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाटांखालून ओळखीचं नाक दिसलं. जेवण राहिलं बाजूला. 1986 ची पद्मिनी, मूळची पांढरी, नऊ वर्षं जागेवरून हललेली नाही. शेजारच्या काकूंच्या यजमानांची. ते 2016 मध्ये गेले आणि गाडी तिथेच राहिली.

“भंगारवाला बावीस हजार देतो म्हणतोय,” काकू म्हणाल्या. मी मनात हिशेब केला. पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. म्हणजे पठ्ठ्याने इंजिन, काचा, चाकं काही न बघता किलोला पंचवीस रुपये लावले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च, फडकं आणि फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन परत गेलो. चुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि डिकीचा तळ तपासला. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. डावीकडच्या मागच्या कमानीवर तळहाताएवढ्या भागावर चुंबक निसटलं, चालकाच्या पायाशी दोन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर आत गेला. बाकी पत्रा टणक. 1089 सीसीचं ते इंजिन कुठलाही जुना टॅक्सी मिस्त्री डोळे मिटून उघडतो, त्यामुळे ते जाम आहे की नाही याची मी फारशी फिकीर केली नाही. या गाडीला चेसिस वेगळी नाही, पत्रा म्हणजेच सांगाडा. तो गेला की गाडी गेली.

मग कागद. गाडी स्वस्त का मिळणार होती ते इथे कळलं. आरसी बुक जुनं, कापडी पाठीचं. नंबर एमएच येण्याआधीचा. नोंदणी 2016 मध्येच संपलेली. नाव अर्थातच काकांचं. आणि शेवटच्या पानावर एका सहकारी बँकेचा शिक्का: गाडीवर बोजा. कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण तो उतरवून घ्यायला कुणी गेलंच नाही. ती शाखाही आता राहिलेली नाही. आधी येऊन गेलेले दोघे गिऱ्हाईक हे पान बघूनच परतले होते.

मीही परतलो असतो. पण काकूंनी कपाटातून एक फाईल काढली. काकांनी पहिल्या दिवसापासूनचा कागद न् कागद पंच करून लावला होता. गाडी बुक केल्याची पावती (तेव्हा पैसे भरून नंबर लागायची वर्षानुवर्षं वाट बघत), सर्व्हिसिंगची बिलं, टायर कुठल्या तारखेला बदलले ते. आणि मधेच 1991 चं बँकेचं ‘येणे बाकी नाही’ पत्र, सही-शिक्क्यासकट. ते बघितल्यावर मी चाळीस म्हणालो. काकू म्हणाल्या, “अहो, भंगारवाल्याच्या दुप्पट कशाला देताय?” घासाघीस अशी उलट्या बाजूने झालेली मी तरी पहिल्यांदाच बघितली. दहा हजार इसार दिला, बाकीचे गाडी काकूंच्या नावावर झाल्यावर.

कागदांना चार महिने लागले. क्रम असा लागला: मालकाच्या निधनामुळे हस्तांतराचा फॉर्म 31 आणि दोन्ही मुलांची संमतीपत्रं (एक मुलगा परदेशात, त्यात पाच आठवडे गेले). बोजा उतरवायला फॉर्म 35, त्यासाठी ती बँक ज्या बँकेत विलीन झाली तिच्या कार्यालयात तीन हेलपाटे. मग विक्रीचे 29 आणि 30. नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म 25, पर्यावरण कर आणि गाडीची तपासणी अजून व्हायची आहे. व्हिंटेजची वेगळी नोंदणी हिला मिळत नाही, त्याला पन्नास वर्षं पुरी लागतात. चेसिस नंबरचा ठसा मी स्वतः घेतला: पत्रा रॉकेलने पुसायचा, वर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. आकडे एकेक करून वर येतात. पुस्तकातल्या नंबराशी जुळले तेव्हा कुठे झोप लागली.

मागचे दोन्ही ब्रेक ड्रमला धरले होते. चाकं काढून ड्रमवर लाकूड ठेवून हातोडी मारत बसलो, तासाभराने एक सुटला, दुसरा नाही. शेवटी एक चाक फरफटत गाडी ट्रेलरवर चढवली. खंबाटकीच्या बोगद्यातून येताना मागच्या काचेवरचं गोणपाट उडालं, तेवढंच नुकसान.

इंजिन जाम होतं. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतलं आणि तीन दिवस तसंच ठेवलं. डिकीत इंजिन हाताने फिरवायचं मूळचं हँडल होतं. चौथ्या दिवशी मिस्त्रींनी ते पुढून घातलं, रेटलं आणि इंजिन करकरत पाव फेरा फिरलं. ते नुसतंच “हं” म्हणाले. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशचा वास येत होता, म्हणून टाकी उतरवली आणि बाटलीतून नळीने सरळ कार्बोरेटरला पेट्रोल दिलं. इग्निशनचे (ठिणगीचे) पॉइंट घासले, त्यांचा कंडेन्सर नवा टाकला (नाना पेठेत मिळाला). रविवारी अकरा मिनिटं चालली. धूर एवढा की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली.

आतापर्यंतचा हिशेब: गाडी 40,000, ट्रेलर 7,500, कागद आणि हेलपाटे 11,000 च्या वर, बाकी किरकोळ 4,200. पत्र्याचं काम यात धरलेलं नाही. डेंटरने नुसतं बघायला येतो म्हटलंय.

पुढचं काम ब्रेकचं: चारही व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्याही बदलणार, आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलपुढे जुनं रबर टिकायचं नाही. स्टिअरिंगलगतचा गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मधेच हरवतो, लिंकेजचे बुश (गिअरच्या दांड्यांच्या सांध्यांतल्या बारीक नळ्या) गेलेत. ते बुश कुणी लेथवर करून घेतले असतील तर पितळी घेतले की नायलॉनचे, तेवढं सांगा. मिस्त्री पितळ म्हणतात, मला नायलॉन बरं वाटतंय.