मॅरेथॉन गाव ते अथेन्स: अठरा रविवार आणि ४२.१९५ किलोमीटर

पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, होलार्गोस मेट्रो स्टेशनच्या बाहेर, पळणाऱ्याच्या उजव्या हाताला उभं राहायचं, असं आमचं ठरलं होतं. मी तिथे पोहोचले तेव्हा धाकटा नवऱ्याच्या खांद्यावर गाढ झोपला होता आणि अकरा वर्षांची लेक पुठ्ठ्याची पाटी दोन्ही हातांनी उंच धरून टाचा वर करून उभी होती. पाटीवर फक्त एक आकडा होता: ७. हॉटेलात ती पाटी रंगवताना मी तिला म्हटलं होतं, माझं नाव लिही की. त्यावर ती म्हणाली, "तुझं नाव तुला माहीतच आहे. किती राहिलं ते लिहिते."

अथेन्सहून येऊन आता तीन आठवडे झाले. घरी लहान मुलं, नोकरी, वडीलधारी माणसं असं सगळं असताना ज्यांना एकदा तरी पूर्ण मॅरेथॉन पळायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शर्यतीचं सांगेनच, पण त्याआधीच्या अठरा आठवड्यांचं आधी सांगते. आमच्या घराची कसोटी तिथेच लागली.

दोन वर्षांपूर्वी मी अर्धमॅरेथॉनची तयारी केली होती, ती कुणाला कळू न देता. पहाटे साडेचारला उठायचं, दार हळूच ओढून घ्यायचं आणि सगळे उठायच्या आत परत यायचं. माझ्या पळण्याचा कुणाला त्रास नको, एवढाच हेतू होता. एका रविवारी दुपारी मुलगा कोडं सोडवायला माझ्याजवळ येऊन बसला आणि मी बसल्या जागी झोपले. संध्याकाळी सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तू पळायला जातेस त्याचं मला काही नाही गं. पण आल्यावर तू घरात असून नसतेस."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. लांब पळण्याचे तीन तास मी हिशेबात धरत होते, त्यानंतरची दुपार धरतच नव्हते. सगळ्या घराच्या झोपेत उरकलेल्या त्या तीन तासांची किंमत मुलं दुपारी मोजत होती.

म्हणून या वेळी आधी घरात बसून बोललो. अथेन्सला जायचं तर सगळ्यांनी जायचं, वर्षाची मोठी सहल तीच. सासूबाईंनी तेवढे दिवस नणंदेकडे राहायचं स्वतःच ठरवलं. जुलै ते नोव्हेंबरचं मोठं कॅलेंडर भिंतीवर लावलं आणि आधी घराच्या तारखा भरल्या: लेकीची परीक्षा, धाकट्याचा वाढदिवस, नवऱ्याचे कामाचे दौरे, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. मग जे रविवार उरले त्यांवर लाल पेन्सिलीने किलोमीटर लिहिले. अठरातले चौदा उरले. रविवारच्या दुपारी मी दीड तास दार लावून झोपणार, हेही कॅलेंडरवर लिहिलं. त्यानंतर मी पूर्ण घराची. नवऱ्याने एकच अट घातली. माझे अठरा आठवडे संपले की पुढचे अठरा रविवार सकाळी त्याचे. त्याला वीस वर्षांपासून चित्रकला शिकायची होती, हे मला त्या संध्याकाळी नव्याने कळलं.

आठवड्यातून चार दिवसच पळायचं ठरवलं. मंगळवारी ऑफिसातून घरी पळतच यायचं, आठ किलोमीटर. कपडे आदल्या दिवशी नेऊन ठेवायचे. प्रवासात तसाही जवळपास तासभर जायचाच, त्यामुळे घराच्या वेळेतून काहीच गेलं नाही. नोकरी करणाऱ्यांना मी पहिला सल्ला हाच देईन. गुरुवारी चढ. शनिवारी लेक सायकलवर आणि मी तिच्या बाजूला, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात ती शाळेतलं जे जे सांगायची, ते एरवी जेवायच्या टेबलावर कधीच निघत नाही. रविवारी लांब अंतर. सगळ्यात जड आठवडा ५२ किलोमीटरचा होता आणि २५ च्या वर मी फक्त चारदा गेले, त्यातही ३२ एकदाच. वेग असा, की सोबत कुणी असतं तर पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या असत्या. नोकरी आणि मुलं सांभाळून पळणाऱ्याने रोज दमून घरी येऊ नये. हळू पळूनही शरीर तयार होतं.

नवव्या आठवड्यात धाकट्याला ताप आला. पाच रात्री जागरण झालं आणि आठ दिवस पळणं बंद पडलं. तोवर सगळं ठीक होतं. चूक मी त्यानंतर केली. बुडलेलं भरून काढायला एकाच आठवड्यात दोन लांब पळण्या घेतल्या आणि नडगीचं हाड दुखायला लागलं. फिजिओथेरपिस्टने दहा दिवस सक्तीची विश्रांती दिली. आठ दिवसांचे अठरा झाले. तेव्हा हात जोडून सांगते, बुडालं ते बुडालं. चार-पाच दिवस गेले असतील तर कॅलेंडरवर आज जे लिहिलंय तिथून पुढे जा. दोन आठवडे गेले असतील तर एक पायरी खाली उतरून सुरू करा. आधीच्या महिन्यांत कमावलेला दम एका तापात जात नाही.

शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत न्यायचं असतं. पाय ताजे होतात हे त्याचं कारण सगळे सांगतात. मी ते सुटलेले तास मोजून घराला परत दिले. त्यामुळे विमानात बसलो तेव्हा कुणाच्याही मनात माझ्या पळण्याबद्दल किंतू नव्हता.

आता प्रवासाचं. शर्यत नोव्हेंबरात असते, रविवारी. भारतीय पासपोर्टवर ग्रीसला जायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत मात्र नाही. चौघांचे कागद गोळा करायला वेळ लागतो, म्हणून ऑगस्टमध्येच हात घाला. नाहीतर सगळ्यात लांब पळण्याच्या आठवड्यात तुम्ही बँकेच्या रांगेत असाल.

आम्ही गुरुवारी पोहोचलो. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असल्याने मुलं पहाटे चारला टक्क जागी आणि रात्री आठला आडवी. घड्याळ लावून घ्यायच्या फंदात आम्ही पडलोच नाही. पहाटे उठणाऱ्या धावपटूला याहून सोयीचं काय? राहायला पांग्राती भाग निवडला, कारण शर्यत संपते ते पानाथेनाइक स्टेडियम त्याला लागूनच आहे. मुलं बरोबर असतील तर संपायच्या जागेजवळच राहा. सुरुवातीला न्यायला अथेन्सच्या मध्यातून बस असतातच. संपल्यावर मात्र दुखऱ्या पायांनी झोपाळलेल्या मुलाला घेऊन लांब जाणं नको होतं.

शुक्रवारी सकाळी अक्रोपोलिस पाहून घेतलं आणि दुपारी ट्रामने समुद्राकडे फालिरोला जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, आणला. अक्रोपोलिस शर्यतीच्या आदल्या दिवशी करू नका. चढ आहे, पायऱ्या आहेत, संगमरवर पावलांनी गुळगुळीत झालेला आहे. शनिवार आम्ही नॅशनल गार्डनमध्ये काढला. मुलं झाडांखाली हुंदडली, मी बाकावर बसून राहिले. तिथे लेकीने विचारलं, तो पळत आलेला माणूस खरंच मेला का? मी तिला जे माहीत होतं ते सांगितलं. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानात लढाई झाली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिलंय ते फिडिपिडिस नावाचा निरोप्या अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला धावत गेल्याचं. मॅरेथॉनहून विजयाची बातमी घेऊन येऊन कोसळल्याची गोष्ट त्यानंतर कित्येक शतकांनी लिहिली गेली. १८९६ मध्ये पहिलं आधुनिक ऑलिंपिक इथे झालं तेव्हा त्या गोष्टीवरून ही शर्यत ठेवली, साधारण ४० किलोमीटरची. स्पिरिडॉन लुईस नावाचा ग्रीक धावपटू ती जिंकला. ४२.१९५ हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला. लेक थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "म्हणजे तू गोष्टीच्या रस्त्यावरून पळणार."

रविवारी अंधारातच बस निघाली. मॅरेथॉन गावात पोहोचल्यावर सुरुवातीला बराच अवकाश असतो आणि थंडी असते. टाकून देता येईल असा जुना स्वेटर आणि खाली बसायला प्लॅस्टिकची मोठी पिशवी न्या. उरलेलं सामान ट्रकमधून स्टेडियमकडे जातं. नऊला पहिले सुटले. माझ्या गटाची पाळी त्यानंतर पंचवीस मिनिटांनी आली.

पहिले दहा किलोमीटर जवळजवळ सपाट आहेत. पाचव्याच्या आसपास रस्ता त्या लढाईत पडलेल्या १९२ अथेन्सकरांच्या समाधीच्या टेकाडाला वळसा घालतो. तिथे पळणाऱ्यांची बडबड आपोआप थांबली. पुढे नेआ माक्रीत लोक रस्त्याच्या कडेला ऑलिव्हच्या डहाळ्या घेऊन उभे होते. काळ्या शालीतल्या एका आजीबाईंनी माझा हात धरून डहाळी मुठीत दिली आणि माझी बोटं तिच्याभोवती मिटवली. हात खरखरीत होता, उबदार होता. ती डहाळी मी कमरेच्या पट्ट्यात खोचली.

मग चढ लागतो. साधारण अकराव्या किलोमीटरपासून एकतिसाव्यापर्यंत, मध्ये थोडे उतार सोडले तर रस्ता वरच जात राहतो. कुठेही भिंतीसारखा उभा नाही, पण संपतही नाही. आपल्या सरावाच्या जागी घाट नसेल तर उड्डाणपूल शोधा, ट्रेडमिल तिरकी करा, आणि उतरण्याचाही सराव करा. हे शेवटचं मी कमी केलं. माथ्यानंतरचे दहा किलोमीटर उतार म्हणजे आराम, असं वाटलं होतं. मांड्यांचे पुढचे स्नायू तिथेच सोलवटून निघाले. अर्धं अंतर मी २ तास २२ मिनिटांत केलं. चढावर घड्याळाकडे न बघता श्वासाकडे बघितलं आणि दर पाऊण तासाला जेल, म्हणजे पळताना घ्यायचं साखरेचं दाट पाकीट, घेतलं, सरावात वापरलेलंच. शरीरातला साखरेचा साठा बहुतेकांना तिसाव्या किलोमीटरच्या आसपास दगा देतो आणि इथे नेमकी तिथेच चढणही संपायची असते. भूक लागायची वाट बघू नका.

घरच्यांसाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे मेट्रोची निळी लाईन, क्रमांक तीन. शेवटच्या टप्प्यात ती शर्यतीच्या रस्त्याच्या जवळून धावते. होलार्गोसला मला बघून हे तिघं मेट्रोने एव्हान्गेलिस्मोसला उतरले आणि तिथून चालत स्टेडियमला माझ्याआधी आरामात पोहोचले. रस्त्याची बाजू आधी ठरवा, कारण शर्यत चालू असताना पलीकडे जाणं अवघड असतं. आणि घरच्यांना एकच वेळ सांगू नका, मधला काळ सांगा. होलार्गोससाठी मी दीड सांगितलं होतं आणि पोहोचले पावणेदोनला. तेवढ्यात धावपटू कुठे आहे ते दाखवणाऱ्या ॲपवर माझा ठिपका हलेनासा झाला. ती पंधरा मिनिटं नवऱ्याने कशी काढली, ते त्याने मला रात्री सांगितलं. "दीड ते सव्वादोन" म्हटलं असतं तर त्याची काळजी वाचली असती.

होलार्गोसला मी थांबले. धाकट्याच्या केसांवरून हात फिरवला, तो जागा झाला नाही. लेकीने पाटी नवऱ्याकडे दिली आणि गर्दीच्या कडेने माझ्या बरोबरीने चाळीस-पन्नास पावलं धावली, शनिवारी सायकल चालवताना ठेवायची तेवढंच अंतर राखून. मग म्हणाली, "जा आता."

शेवटी रस्ता झाडांच्या सावलीतून खाली उतरतो आणि समोर एकदम पांढरं स्टेडियम उघडतं. सगळं संगमरवरी, घोड्याच्या नालेसारखं, एका बाजूने मोकळं. ५ तास १२ मिनिटं. वेळमर्यादा आठ तासांची आहे, त्यामुळे माझ्यासारख्यांना धास्ती नाही. बाहेर पडताना गर्दी फार असते. भेटायची जागा आधी नक्की करा. आम्ही स्टेडियमसमोरचा थाळीफेक करणाऱ्याचा पुतळा ठरवला होता. धाकटा तिथे जागा झालेला होता. त्याने पदक हातात घेऊन बघितलं, परत दिलं आणि डहाळी मागून घेतली.

सोमवारी आम्ही पुन्हा स्टेडियममध्ये गेलो. आतल्या बोगद्यातून जाऊन ऑलिंपिकच्या जुन्या मशाली बघता येतात, मुलांना ते फार आवडलं. मी पायऱ्या उलट्या उतरत होते आणि लेक माझा हात धरून होती. तुम्हीही सोमवारचा दिवस मोकळा ठेवा, परतीचं विमान मंगळवारचं घ्या.

डहाळी आता वाळली आहे. सासूबाईंनी ती कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आहे. कॅलेंडर नवीन लावलं, या वेळी पेन्सिल निळी. काल पहिला रविवार होता. सकाळी साडेसातला नवरा कागदांची गुंडाळी काखेत मारून बाहेर पडला, आणि मुलांना घेऊन मी घरी राहिले.