फोर्मिगाची शेवटची मॅच आपल्या पोरींसमोर

फोर्मिगा म्हणजे पोर्तुगीजमध्ये मुंगी. ब्राझीलची ही मिडफिल्डर १९७८ साली जन्मली तेव्हा तिकडे बायकांना फुटबॉल खेळायलाच बंदी होती, आणि हीच पोरगी पुढे १९९५ ते २०१९ सलग ७ वर्ल्डकप खेळली, वर ७ ऑलिम्पिक, त्यात दोनदा सिल्व्हर! नाव गोल मारणारीचं व्हायचं, पण मधे बॉल हिसकावून पुढे देणारी हीच ना.

२५ नोव्हेंबर २०२१, ब्राझीलमधलं मनाउस शहर. देशासाठी तिची शेवटची मॅच, समोर आपल्या भारताच्या पोरी, आपण ६-१ हरलो पण मनीषा कल्याणने काय गोल टाकला, आणि मग ४३ वर्षांची फोर्मिगा बेंचवरून उठून आत आली तेव्हा खरंच माझे डोळे भरून आले.