सेंबुंगान : दिएंग पठारावरील बटाट्याचे गाव

इंडोनेशियात, मध्य जावातील दिएंग पठारावर येणारे बहुतेक पर्यटक सेंबुंगान हे गाव अंधारातच पाहतात. मध्यरात्री योग्याकार्ता शहरातून निघायचे, पहाटे गावाच्या टोकाशी गाडी लावून सिकुनीर टेकडी चढायची, सूर्योदय पाहायचा आणि न्याहारीच्या सुमारास परतीला लागायचे, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. आम्ही मात्र गावातच एका कुटुंबाकडे मुक्काम केला. पुढे जाणाऱ्यांनीही तसेच करावे, असे मी आग्रहाने सुचवीन, कारण सूर्योदयानंतर दिवसभर येथे जे दिसते ते सूर्योदयाइतकेच पाहण्यासारखे आहे.

वोनोसोबो जिल्ह्यातील हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर असून जावातील सर्वांत उंच गाव म्हणून ते ओळखले जाते. तेलागा चेबोंग या लहानशा तळ्याजवळ पत्र्याच्या छपरांची घरे एकमेकांना खेटून उभी आहेत, मधोमध मशीद आहे आणि घरे संपतात तेथून थेट डोंगरमाथ्यापर्यंत बटाट्याची शेते चढत गेलेली आहेत. सपाट जमीन इतकी थोडी, की एरवी माणूस तोल सांभाळत चालेल अशा उतारावरही येथे लागवड होते.

दिएंगमध्ये पूर्वी मका, तंबाखू आणि कोबी ही पिके मुख्य होती. १९८०च्या दशकात बटाट्याने त्यांची जागा घेतली. हे पीक साडेतीन-चार महिन्यांत हाती येते आणि थंड हवेमुळे वर्षातून एकाहून अधिक वेळा घेता येते. वाफ्यांवर चंदेरी प्लास्टिकचे आच्छादन, त्याखाली कोंबडीखत, आणि तळ्यातून पंपाने उचललेले पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या नळ्यांचे जाळे, असे दृश्य सर्वत्र दिसते. काढणी चाललेल्या एका शेतात आम्ही बराच वेळ थांबलो होतो. स्त्रिया मातीतच बसून बटाटे आकारानुसार वेगळे करत होत्या; मोठे बाजारासाठी, मध्यम बेण्यासाठी आणि गोट्यांएवढे बारीक घरी तळण्यासाठी. पुरुष भरलेली पोती खांद्यावर घेऊन अरुंद पायवाटेने खाली उतरत आणि वाटेच्या टोकाला उभ्या असलेल्या मोटरसायकलवर लादत.

या समृद्धीची किंमतही डोळ्यांना दिसते. आपल्याकडे उताराला आडवे बांध घालावेत असे शेतकऱ्याला सांगितले जाते, पण येथे सऱ्या बहुधा उताराच्या दिशेने, वरून खाली काढलेल्या असतात. पाणी साचले तर बटाटा कुजतो, म्हणून ते लवकर वाहून जावे हा त्यामागचा हेतू. मात्र पाण्याबरोबर मातीही जाते. सेरायू नदीचा उगम याच पठारावर असल्यामुळे ती माती पुढे बंजारनगारा जिल्ह्यातील म्रिचा धरणाच्या जलाशयात साठत राहते. शेतकऱ्याला हे कळत नाही असे मुळीच नाही. बटाट्याच्या उत्पन्नावर पक्की घरे उभी राहिली, मुले शिकली, आणि इतका पैसा देणारे दुसरे पीक समोर नाही. काही शेतांच्या कडेने कारिका लावलेली दिसते. ही मूळची अँडीज पर्वतातील डोंगरी पपई. तिच्या फोडी साखरेच्या पाकात शिजवून बरण्यांत भरतात आणि वोनोसोबोच्या प्रत्येक दुकानात विकतात. फळझाडे वाढली तर उतार काहीसा सावरेल, म्हणून घरी नेण्यासाठी काही घ्यायचे असेल तर कारिकाच घ्यावी.

जून ते ऑगस्ट हा कोरडा काळ सूर्योदयासाठी उत्तम, पण याच दिवसांत काही रात्री तापमान शून्याखाली जाते आणि पहाटे पानांवर दवाऐवजी पांढरे हिम दिसते. पर्यटक त्याची छायाचित्रे काढतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र तो पिकावरचा घाला असतो, कारण उन्हे आल्यावर बटाट्याची पाने काळी पडून करपतात. त्यामुळे जोडप्यांनी किंवा मित्रमंडळींनी छायाचित्रांसाठी दुसऱ्याच्या वाफ्यात पाय ठेवू नये. लोकरीची टोपी, हातमोजे आणि जाड मोजे हवेतच; घरांत तापयंत्र नसते. थंडीवर येथला उपाय म्हणजे चूल. पाहुण्याला बाहेरच्या खोलीत न ठेवता स्वयंपाकघरात चुलीभोवती बसवण्याची रीत आहे, आणि आमच्या सर्व गप्पा तेथेच झाल्या. यजमानांना ‘पाक’ आणि यजमानीणबाईंना ‘बू’ असे संबोधावे, काहीही उजव्या हातानेच द्यावे-घ्यावे.

शाकाहारी मंडळींनी थोडी काळजी घ्यावी. वोनोसोबोचा प्रसिद्ध मी ओंगक्लोक, म्हणजे घट्ट रश्शातील शेवया, यात सुकी कोळंबी असते आणि सोबत गोमांसाचे साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेले तुकडे, देतात. मिरचीच्या सांबालातही बहुधा कोळंबीची चटणी मिसळलेली असते. तेंपे कमूल, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची हळद घातलेल्या पिठात तळलेली वडी, मात्र निःशंक खावे, ते आपल्या भज्यांच्या कुळातलेच आहे. घरी आधी सांगितले तर भात, भाजी आणि टोफू आनंदाने करून देतात.

गावापासून सात-आठ किलोमीटरवर अर्जुन मंदिरसमूह आहे. अर्जुन, श्रीकांडी (शिखंडी), पुंतादेवा (युधिष्ठिर), सेंबाद्रा (सुभद्रा) ही महाभारतातील नावे मंदिरांना पुढच्या काळात मिळाली. मुळात ही शैव मंदिरे आहेत. अर्जुन मंदिराच्या भिंतीतून अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणारे मकरमुख पाहताच मराठी माणूस आपसूक थबकतो. या परिसरात सापडलेल्या एका शिलालेखावर शके ७३१, म्हणजे इ.स. ८०८-८०९, असा काळ आहे; तोच शक, जो आपण पंचांगात आजही वाचतो. थोडे दूर एकटे उभे असलेले भीम मंदिर चुकवू नये. त्याच्या शिखरावरील कोनाड्यांतून डोकावणारे मानवी चेहरे जावातील अन्य मंदिरांत आढळत नाहीत.

पठार ज्वालामुखीजन्य आहे, हे क्षणभरही विसरू नये. २० फेब्रुवारी १९७९ रोजी सिनिला विवराच्या परिसरात विषारी वायूने १४९ जणांचा बळी घेतला होता. कार्बन डायऑक्साइड जड असल्याने खोलगट भागात साचतो आणि त्याला वासही नसतो. म्हणून सिकिदांग विवरावर लाकडी मार्ग सोडू नये आणि इतरत्र कुंपण दिसले की मागे फिरावे.

भारतीयांना इंडोनेशियात पोहोचल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, सध्याचे शुल्क पाच लाख रुपिया आहे. योग्याकार्ताहून मागेलांग, वोनोसोबो असे टप्पे घेत दिएंगला पोहोचण्यास चार तास धरावेत. वोनोसोबोहून वर लहान बस जातात, पण त्या दुपारनंतर विरळ होतात. दिएंगहून सेंबुंगानपर्यंत दुचाकी टॅक्सी किंवा भाड्याची मोटरसायकल घ्यावी लागते, आणि स्वतः चालवणाऱ्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना हवा. रोख रक्कम वोनोसोबोतच काढून ठेवावी. शनिवार-रविवार, ईदची सुट्टी आणि दिएंगचा सांस्कृतिक महोत्सव, जो बहुधा ऑगस्टमध्ये असतो, या काळात खोल्या मिळत नाहीत आणि सिकुनीरच्या पायऱ्यांवर रांग लागते. टेकडीची चढण अर्ध्या-पाऊण तासाची आहे; साडेचारला निघाले तरी सिंदोरो, सुंबिंग, मेरबाबू आणि मेरापी ही शिखरे उजळताना दिसतात. नोव्हेंबर ते मार्च या पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, तेव्हा परतीच्या विमानापूर्वी एक दिवस हाताशी ठेवावा.