पहिल्या बरणीतला मध मी उकळत्या पाण्यात ठेवला

थंडी पडली आणि एका सकाळी बरणीत चमचा जाईना. दोन महिन्यांपूर्वी आणलेला कच्चा, म्हणजे न तापवलेला, मध तळापासून थिजत वर आला होता. खालचा पाऊण भाग फिकट पिवळा, ओल्या वाळूसारखा रवाळ, त्यावर बोटभर पातळ मध. बरणीच्या खांद्यापाशी काचेला आतून पांढरे फराटे उमटले होते. मध आणताना तो किती पारदर्शक होता ते मला नीट आठवत होतं, त्यामुळे पहिला विचार आला तो भेसळीचा. नक्की साखरेचा पाक घातलाय, असं मी धरून चालले.

मग मी बरणी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवली. अर्ध्या तासात मध लख्ख पातळ झाला आणि मला हायसं वाटलं. पण गार झाल्यावर झाकण उघडलं तेव्हा आधी यायचा तो फुलांचा वास नव्हता, नुसता गोडसर, पाकासारखा वास होता. रंगही थोडा गडद झाला होता.

थिजणं म्हणजे बिघाड नव्हे, हे मला त्यानंतर समजलं. मधात मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या दोन साखरा असतात आणि पाणी इतकं कमी असतं की सगळं ग्लुकोज त्यात विरघळून राहू शकत नाही. जास्तीचं ग्लुकोज हळूहळू रवा धरतं. कच्च्या मधात परागकण आणि मेणाचे बारीक कण असतात, त्यांच्याभोवती हे रवे लवकर जमतात. तापमान १४ अंश सेल्सिअसच्या आसपास असलं की ही क्रिया सर्वांत वेगाने होते. फुलांवरही बरंच अवलंबून असतं. मोहरी किंवा सूर्यफुलाचा मध काही आठवड्यांतच थिजतो, रोबिनिया या झाडाच्या फुलांचा मात्र महिनोन् महिने पातळ राहतो. काचेवरचे पांढरे फराटे म्हणजे रवे धरताना मध आकसतो तिथे शिरलेली हवा. त्यात काळजीचं काही नाही.

काळजी करायला हवी होती ती माझ्या उकळत्या पाण्याची. वास देणारे घटक उडून जातात, डायस्टेजसारखी विकरं (एन्झाइम) निकामी होतात आणि हायड्रॉक्सिमिथाइलफर्फ्युरल नावाचा घटक वाढतो. मध किती तापला किंवा किती जुना झाला हे प्रयोगशाळेत याच घटकावरून ओळखतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकात त्याची मर्यादा किलोमागे ४० मिलिग्रॅम आहे, उष्ण प्रदेशातल्या मधासाठी ८०. तो मध मी टाकला नाही, खाण्याजोगा होताच. पण ज्यासाठी शोधून शोधून कच्चा मध आणला, तेच मी अर्ध्या तासात घालवलं होतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

दुसरी बरणी तीन किलोची होती आणि तिने वेगळाच धडा दिला. मध आणतानाच पातळ वाटला होता, चमच्यावरून धार सुटायची ती पाण्यासारखी भराभर. ‘ताजा आहे म्हणून’ असं विकणाऱ्याने सांगितलं आणि मला ते पटलं. दीड महिन्याने झाकण फिरवलं तर फुस्स आवाज झाला. वर बारीक फेस, आंबूस वास, आणि बरणीच्या कडेने बुडबुडे सावकाश वर चढत होते. मध आंबला होता.

ताज्या मधावर कधीकधी पांढरा फेस असतो, तो मध काढताना आत अडकलेल्या हवेचा आणि मेणाचा असतो. त्याला वास नसतो आणि तो वाढत नाही. माझा फेस रोज वाढत होता.

मध टिकतो तो पाणी कमी असल्यामुळे. साखरेत तग धरणारे यीस्ट कच्च्या मधात असतातच, पण पाणी १८ टक्क्यांच्या आत असलं की ते निपचित पडून राहतात. पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की मध आंबायला वेळ लागत नाही. कोडेक्सची सर्वसाधारण मर्यादाही २० टक्केच आहे. शिवाय ग्लुकोज रवे धरताना पाणी मागे सोडतं, त्यामुळे अर्धवट थिजलेल्या बरणीत वर उरलेला पातळ मध आणखी पाणचट होतो. त्यात मी झाकण सैल ठेवायचे आणि ओला चमचा बुडवायचे. मध हवेतला ओलावा शोषून घेतो हे ऐकून ठाऊक होतं, पण आपल्या घरात तेच घडतंय असं कधी मनात आलं नाही.

तिसऱ्या वेळी मध घेण्याआधी मी मधपाळाकडे जाऊन बसले. आधी घरी भेसळ ओळखण्याचे नुस्खे करून पाहिले होते, पाण्यात थेंब टाकणं, अंगठ्यावर थेंब ठेवणं, वात भिजवून पेटवणं. दाट पाक या सगळ्यांतून पार पडतो आणि पाणचट पण अस्सल मध नापास होतो, म्हणून मी ते सोडून दिले. साखरेची भेसळ खात्रीने पकडायला प्रयोगशाळाच लागते. आपल्या हातात राहतं ते विचारणं आणि बघणं.

“मध कधी काढलात? काढताना तापवला का? कशातून गाळला?” मी विचारलं. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी पेटीतली एक चौकट उचलून माझ्यासमोर धरली. वरच्या बाजूने तीनचतुर्थांशाहून जास्त घरं पांढऱ्या मेणाने बंद केलेली होती.

“मकरंदात पाणीच जास्त,” ते म्हणाले. “माशा पंखांनी वारा घालून ते उडवतात आणि मध पिकला की घर बंद करतात. उघड्या घरांचा मध घाईने काढला की तो आंबतो.” त्यांनी चौकट आडवी धरून एक झटका दिला. एकही थेंब उडाला नाही. मग रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे मधातलं पाणी मोजायच्या उपकरणाच्या, काचेवर मधाचा थेंब ठेवून ते माझ्या हातात दिलं. “तुम्हीच बघा, रेघ कुठे येते ती.” निळ्या आणि पांढऱ्या भागांच्या मधली रेघ साडेसतरावर होती, म्हणजे पाणी साडेसतरा टक्के. त्यांचा मध साध्या जाळीतून गाळलेला होता, परागकण राहावेत म्हणून.

वजनाबद्दलही त्यांनी सांगितलं. मध पाण्यापेक्षा खूप जड, एका लिटरच्या बाटलीत साधारण १.४ किलो मावतो. तेव्हापासून मी आकारावरून नाही, वजनावरून घेते.

घरी आणल्याबरोबर मोठ्या डब्यातला मध पाव किलोच्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत भरला. वापरात एकच बरणी, बाकीच्या अंधाऱ्या कपाटात, शेगडीपासून लांब. मध आम्लधर्मी असतो, म्हणून लेप उडालेलं पत्र्याचं झाकण मी वापरत नाही. फ्रीजमध्ये ठेवत नाही, तिथे तो आणखी घट्ट होतो. पातळच हवा असेल तर डीप फ्रीझरमध्ये ठेवतात, तिथे रवे जवळजवळ धरत नाहीत, पण मला त्याची गरज वाटली नाही.

याच सुमारास ताई राहायला आली, तिचं बाळ तेव्हा आठ महिन्यांचं होतं. ती बोटावर मध घेऊन त्याला चाटवणार तेवढ्यात मी तिचा हात धरला. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. मध कितीही शुद्ध असो, वर्ष पूर्ण होईपर्यंत एक थेंबही द्यायचा नाही. ताईला आधी राग आला, मग तिने बाळाच्या डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनीही हेच सांगितलं.

थिजलेला मध पातळ करायचाच असेल तर आता मी झाकण लावलेली बरणी कोमट पाण्यात ठेवते, आणि पाणी ४० अंशांच्या वर जाऊ नये म्हणून त्यात थर्मामीटर. पोळ्यात पिल्लांच्या भागात ३४-३५ अंश असतंच, तेव्हा एवढी ऊब मधाला नवी नाही. पाणी बदलत बदलत कधीकधी अख्खा दिवस जातो.

गेल्या हिवाळ्यात मात्र एकही बरणी वितळवली नाही. अगदी बारीक रव्याचा थिजलेला मध होता, त्यातला दहावा भाग पातळ मधात सावकाश घोटून मिसळला आणि बरणी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवली. दोन आठवड्यांनी उघडली तेव्हा मध लोण्यासारखा मऊ जमला होता. सुरीने काढून जिभेवर ठेवला तर रवा जाणवलाच नाही, आणि पेटीशी चौकट हातात धरली होती तेव्हाचा वास त्यात जसाच्या तसा होता.